टिनच्या डब्यातलं खाणं आणि आतलं अस्तर: नको ती रसायनं पोटात जाणं घरच्या घरी कमी कसं करायचं

माझी भाची न्यू जर्सीत असते. मागच्या पावसाळ्यात तिला दिवस गेले तेव्हा तिने किचनमधल्या कपाटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी यातलं काय ठेवू आणि काय काढू. फोटोत छोल्यांचे चार कॅन, नारळाच्या दुधाचे दोन, टोमॅटोचे तीन, ट्यूना, स्वीट कॉर्न, कंडेन्स्ड मिल्क आणि वरच्या फळीवर हापूसच्या रसाचे मोठे डबे. सगळं टाकून दे असं सांगणं सोपं होतं, पण ती दोघं नोकरी करतात, थंडीच्या दिवसात ताजं कमी मिळतं, आणि घाबरून सगळं टाकणारा माणूस महिन्याभराने थकून परत तेच सगळं आणतो हे मी पाहिलंय. म्हणून मी तिला क्रम लावून दिला, आधी काय बंद करायचं, मग काय, आणि काय राहिलं तरी चालेल. तोच इथे सविस्तर लिहितेय, कारण आता पुण्यामुंबईतल्या घरांतही बेक्ड बीन्स, मशरूम, कॉर्न, नारळाचं दूध हे सगळं टिनमध्येच येतं.

आधी डब्याच्या आत काय असतं ते बघू

टिनचा डबा म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करायचे तेही कथीलच. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं तर ते कळकतं हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आंबट, खारट, गरम आणि फार वेळ ठेवलेलं, या चार गोष्टी भांड्यातून काहीतरी ओढून घेतात. डब्याचंही तेच आहे, फक्त तिथे तेलकट ही पाचवी गोष्ट जास्त महत्त्वाची.

अन्न पत्र्याला लागू नये म्हणून आतून एक अस्तर असतं, पातळ लॅकरसारखं. १९५० च्या दशकापासून हे अस्तर बहुतेक इपॉक्सी या कृत्रिम राळेचं असायचं आणि इपॉक्सी बनवताना बिस्फेनॉल ए वापरतात, म्हणजेच बीपीए. अस्तर मुळात चांगल्यासाठीच घातलेलं आहे हे आधी मान्य करूया, त्याच्यामुळे पत्रा गंजत नाही, भोक पडत नाही, अन्न वर्षानुवर्षं टिकतं. पण अन्न भरून डबा सीलबंद केल्यावर तो तसाच मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात साधारण १२१ अंशांवर शिजवतात आणि अस्तरात सुटा राहिलेला बीपीए मुख्यतः त्या उष्णतेतच अन्नात उतरतो. त्यामुळे कालच आणलेला ताजा डबा आहे म्हणून तो सुरक्षित, असं काही नसतं. जे उतरायचं ते बहुतेक कारखान्यातच उतरलेलं असतं.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे १९३० च्या दशकात लंडनमध्ये डॉड्स या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसलं होतं, म्हणजे ते अस्तरात यायच्याही आधी. एप्रिल २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोज किती चालेल ती मर्यादा आधीच्या २०,००० पट खाली आणली, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). फ्रान्सने तर २०१५ पासूनच खाण्याच्या पॅकिंगमध्ये बीपीए बंद केलंय, आणि युरोपियन युनियनने डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम केला, तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे पण कंपन्यांना बदलायला मुदत आहे, फळं, भाज्या आणि मासळीच्या डब्यांना तर जानेवारी २०२८ पर्यंत. अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचं, म्हणणं वेगळं आहे, सध्याच्या प्रमाणात ते सुरक्षित मानतात. जाणकारांमध्येच एवढी तफावत आहे तेव्हा मी तरी भाचीला सांगितलं की पोटात बाळ असताना आपण कमी असलेल्या बाजूला राहू.

दिलासा देणारी गोष्ट ही की बीपीए शरीरात साठून बसत नाही. त्यातलं निम्मं पाचसहा तासांत कमी होतं आणि दिवसभरात बहुतेक लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेत २०११ मध्ये दोन अभ्यास छापून आले. एकात ७५ जणांनी पाच दिवस रोज एक वाटी डब्यातलं सूप घेतलं, त्यांच्या लघवीत बीपीए ताजं सूप घेतलं तेव्हापेक्षा दहा पटीहून जास्त आढळलं. दुसऱ्यात पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस डबे आणि प्लास्टिक टाळून ताजं जेवण दिलं, तर प्रमाण सरासरी ६६ टक्के खाली आलं. तीन दिवसांत! म्हणजे आज सुरू केलं तर याच आठवड्यात फरक पडतो, आधी किती खाल्लं त्याचा जीवाला घोर लावून घ्यायची गरज नाही.

पायरी १: सगळे डबे ओट्यावर काढा आणि रांग लावा

प्रत्येक डब्याला दोनच प्रश्न विचारायचे. आत तेल, चरबी, मीठ, आंबटपणा किती, आणि आपण हे महिन्यातून किती वेळा खातो.

रांगेत सगळ्यात पुढे, म्हणजे आधी बंद करायचं ते: नारळाचं दूध (भरपूर स्निग्ध), तेलातला ट्यूना आणि इतर मासे, तयार सूप आणि ग्रेव्ह्या, पास्त्याचे तयार डबे. त्यांच्यामागे छोले, राजमा, बेक्ड बीन्स, स्वीट कॉर्न, मटार. मग टोमॅटो. टोमॅटोचा आंबटपणा जास्त म्हणून त्याच्या डब्याला अस्तर लागतंच.

रांगेत मागे, म्हणजे घाई नाही ते: कोल्ड्रिंकचे कॅन, त्यांना तेवढी उष्णता दिलेली नसते म्हणून त्यांच्यात बीपीए फार कमी सापडतं (साखरेचं दुखणं वेगळं). आणि अननस, पीच, नासपती अशी फळं, कारण त्यांच्या डब्यांना बऱ्याचदा आतून अस्तर नसतंच, मुद्दाम उघडं कथील ठेवतात म्हणजे फळाचा रंग फिका आणि चांगला राहतो. तिथे बीपीएचा प्रश्न कमी पण कथील विरघळण्याचा असतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

भाचीच्या फोटोत छोले आठवड्यातून दोनदा लागत होते आणि ट्यूना महिन्यातून एकदा. तेव्हा तिच्यासाठी पहिला नंबर छोल्यांचा लागला, ट्यूनाचा नाही. कागदावरची यादी आणि आपल्या घरातली यादी वेगळी असते, म्हणून तुमची तुम्हीच करा.

पायरी २: लेबल वाचा पण त्याच्यावरच विसंबू नका

बीपीए-फ्री लिहिलं असेल तर चांगलंच, पण त्याचा अर्थ एवढाच की बीपीए वापरलेलं नाही. त्याच्या जागी काय वापरलं ते लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी त्याचेच भाऊबंद, बिस्फेनॉल एस किंवा बिस्फेनॉल एफ, वापरले गेलेत आणि तेही हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक किंवा झाडांच्या राळेपासून केलेलं अस्तर असेल तर बरं.

डब्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं म्हणून कंपनीला ईमेल करून विचारायचं, आणि सुरक्षित आहे का असं विचारायचं नाही, कारण हो असंच उत्तर येतं. असं विचारा: आतलं अस्तर कशाचं आहे, त्यात कुठलंही बिस्फेनॉल आहे का, आणि झाकणाचं अस्तरही तेच आहे का. मी तीन ठिकाणी विचारलं होतं, एकाने व्यवस्थित नाव देऊन सांगितलं, एकाने आमचं उत्पादन सर्व नियमांनुसार आहे एवढंच लिहिलं, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मी पहिल्याचंच घेते.

आतला रंग बघून ठरवता येतं का असं बरेच जण विचारतात. सोनेरी पिवळसर थर हा बहुतेक जुन्या पद्धतीच्या इपॉक्सीचा असतो, पांढरा थर कशाचाही असू शकतो, आणि चांदीसारखं चमकणारं, बर्फाची फुलं उमटल्यासारखी नक्षी असलेलं दिसलं तर ते उघडं कथील. रंगावरून अंदाज येतो, खात्री नाही.

पायरी ३: तीच वस्तू दुसऱ्या पॅकिंगमध्ये मिळते का बघा

काचेची बाटली सगळ्यात चांगली. टोमॅटो प्युरी, ऑलिव्ह, मासे काचेत मिळतात. फक्त झाकणाच्या आत जी मऊ रबरासारखी कडा असते ती बहुतेक पीव्हीसीची असते आणि तिला मऊ ठेवणारी द्रव्यं तेलात उतरतात. म्हणून तेलकट लोणचं किंवा पेस्ट असलेली बरणी उभीच ठेवायची, आडवी नाही, म्हणजे तेल झाकणाला लागत नाही.

कागदी खोके, म्हणजे दूध किंवा ज्यूस येतो तसले, त्यांच्या आत पॉलिथिनचा थर असतो, इपॉक्सी नसते. नारळाचं दूध आणि टोमॅटो या खोक्यात मिळत असेल तर डब्यापेक्षा मी तेच उचलीन.

रेडी टू ईटची चांदीसारखी पाकिटं हा मधला मार्ग. त्यातही इपॉक्सीचं अस्तर नाही, आतला थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. पण पाकीट तसंच उकळत्या पाण्यात सोडण्यापेक्षा कापून पातेल्यात ओतायचं आणि मग गरम करायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: जे जास्त लागतं ते घरी करा

इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो आणि पैसेही वाचतात, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

छोले. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम छोले निघतात. अर्धा किलो कोरडे छोले रात्रभर भिजवून शिजवले की किलोच्या वर होतात, म्हणजे पाचेक डब्यांचं काम एका रविवारी. आठदहा तास भिजवा, पाणी बदला, मीठ घालून कुकरला चारपाच शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. गार झाले की थोड्या शिजवलेल्या पाण्यासकट वाटण्या करून फ्रीझरमध्ये. राजम्याचंही तसंच, पण त्याला कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळी मिळालीच पाहिजे कारण कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. तिकडे स्लो कुकर वापरणारे बरेच आहेत, त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, आधी गॅसवर उकळून घ्या. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

नारळाचं दूध. एक नारळ खवून वाटीभर गरम पाण्यासोबत मिक्सरला फिरवायचा, फडक्यातून पिळायचा, हा जाड रस, मग त्याच चोथ्यात परत पाणी घालून पातळ रस. सोलकढीसाठी आपण हे करतोच, थाई करीलाही हेच चालतं. जाड रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला की हवे तेवढे खडे काढता येतात. परदेशात नारळ फोडायचा कंटाळा येत असेल तर इंडियन स्टोअरमध्ये खवलेला फ्रोझन नारळ मिळतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत असतो खरा पण त्या पिशवीत तो १२१ अंशांवर शिजवलेला नसतो, हा मोठा फरक आहे.

टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा दोन मिनिटं गरम पाण्यात टाकून सालं काढा, वाटा, आटवा, गोठवा. यात सांगण्यासारखं जास्त काही नाही.

आणि आमरस. कोकणात मे महिन्याच्या शेवटी जो लहान, डागाळलेला, पेटीत न बसणारा आंबा उरतो तो कॅनिंगला जातो. रत्नागिरी देवगडकडे कॅनिंगचा भाव हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. आंबा तोच, आपल्याच मातीतला, त्यामुळे त्या डब्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. रसाचे डबे अस्तराचेही असतात आणि उघड्या कथलाचेही. पण इथे राहणाऱ्यांनी तरी रस घरीच साठवावा. पूर्ण पिकलेले आंबे तासभर पाण्यात ठेवायचे, कापून प्रत्येकात साका (आतला पांढुरका, स्पंजासारखा बिघडलेला गर) आहे का बघायचं, साका लागलेला भाग अजिबात घ्यायचा नाही नाहीतर सगळ्या रसाला वास येतो. डझनभर मध्यम हापूसचा पावणेदोन किलोच्या आसपास रस निघतो. गाळून, आवडत असेल तर थोडी साखर घालून, स्टीलच्या छोट्या डब्यांत वर दोन बोटं जागा सोडून भरा, कारण गोठताना तो फुगतो, आणि काचेची बरणी काठोकाठ भरली तर तडकते. उणे १८ अंशांवर सहाआठ महिने छान राहतो. खायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवा, आणि एकदा पातळ झालेला परत गोठवू नका. लाइट फार जाते त्या गावात मात्र एवढा भरोसा ठेवू नका, तिथे आंबापोळी घालणंच बरं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. डबे टाळायचे म्हणून मटार, कॉर्न, भाज्या घरी बाटलीत भरून नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून टिकवायचा प्रयोग करू नका. आंबट नसलेल्या पदार्थात बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू उकळत्या पाण्याने मरत नाहीत, आणि ते जे विष तयार करतात ते बीपीएपेक्षा कितीतरी पटीने लगेच जीव घेणारं आहे. गोठवा किंवा वाळवा.

पायरी ५: डबा वापरायचाच असेल तेव्हा

विकत घेतानाच फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा शिवणीवर पोचा पडलेला डबा घेऊ नका. फुगलेला डबा घरी सापडला तर उघडून वास घ्यायचा नाही, चाखायचा तर नाहीच, सरळ बंद पिशवीत घालून टाकायचा.

डबा गॅसवर, कुकरमध्ये किंवा उकळत्या पाण्यात ठेवायचा नाही. कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा कुकरला लावून टॉफी करायची पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरात आहे, त्यात अस्तर परत तापतं आणि डबा फुटून भाजण्याची भीती असते ती वेगळीच. तेच दूध स्टीलच्या डब्यात ओतून, झाकण लावून, कुकरमध्ये पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवलं की तसाच बदामी रंग येतो.

उघडल्यावर उरलेलं लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढायचं, डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. यामागे कथील आहे. बंद डब्यात हवा नसते म्हणून ते हळूहळू विरघळतं, हवा लागली की झपाट्याने. उघड्या कथलाच्या डब्यात ठेवलेल्या अननसाला दुसऱ्या दिवशी जी धातूची चव लागते ती हीच, म्हणजे आपल्या भाषेत ते कळकलं. डब्यातल्या अन्नात कथील किलोला २५० मिलिग्रॅमपर्यंतच असावं अशी मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं तर पोटदुखी, मळमळ, उलट्या होऊ शकतात.

छोले, कॉर्न यांचं पाणी टाकून दोनदा धुवून घ्या. मीठ बरंच कमी होतं. बीपीए मात्र दाण्यात शिरलेलं असतं, धुतल्याने ते सगळं जाईल असं धरून चालू नका.

पायरी ६: बाळ, गरोदरपण

इथे मी सूट देत नाही. या दिवसांत रांगेतल्या पुढच्या वस्तू पूर्ण बंद, मागच्या कधीतरी. आईचं दूध मिळत असेल तर उत्तमच. पावडरचं दूध द्यावं लागत असेल तर पावडरच्या डब्यापेक्षा बाटलीकडे जास्त लक्ष द्या, कारण पावडर कोरडी असते आणि कोरड्यात फार काही उतरत नाही. पावडरमध्ये जंतू असू शकतात म्हणून पाणी ७० अंशांच्या खाली नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा रसायनाच्या भीतीने कोमट पाणी वापरू नका, उलट स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात दूध बनवा आणि निवल्यावर बाटलीत भरा. भारतीय मानकानुसार २०१५ पासून बाळाच्या बाटलीत बीपीए असलेलं पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक चालत नाही, पण घरातल्या माळ्यावरची जुनी, कडक, काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची बाटली मोठ्या मुलाची म्हणून जपून ठेवलेली असते, ती परत वापरायला घेऊ नका. पाण्याचे २० लिटरचे निळसर कडक जारही बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचेच असतात, ते उन्हात ठेवू नका. आणि दुकानातलं गुळगुळीत कागदाचं बिल, ज्याच्यावरची छपाई काही महिन्यांत उडते, त्या कागदावरही बीपीए किंवा बीपीएसचा (म्हणजे बिस्फेनॉल एसचा) थर असू शकतो, लहान मुलांच्या हातात खेळायला देऊ नका.

पायरी ७: रिकामे डबे

तेलाचा १५ किलोचा डबा धुवून त्यात गहू, तांदूळ ठेवणं चालतं, कोरडं धान्य आहे. पण एकदा वापरलेला डबा परत तेल भरायला वापरायचा नाही, आपल्याकडच्या नियमातही ते बसत नाही, म्हणून सुटं तेल अशा जुन्या डब्यातून कुणी देत असेल तर घेऊ नका. मीठ, चिंच, कोकम, लोणचं, ताक यातलं काहीच टिनच्या डब्यात ठेवायचं नाही, त्यांना चिनी मातीची बरणी किंवा काच. कॅनमध्ये केक भाजायचे किंवा कॅन निखाऱ्यावर ठेवून चहा करायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, भट्टीत अस्तर जळतं आणि ते अन्नालाच लागतं. आजोळी जुने, उभ्या शिवणीवर जाड राखाडी डाग लावल्यासारखे दिसणारे डबे असतील तर त्यात खाण्याचं काहीही ठेवू नका, पूर्वी ती शिवण शिसं घालून डागलेली असायची. अमेरिकेत तसे डबे १९९५ मध्ये कायद्याने बंद झाले. आताच्या डब्यांची शिवण वेल्डिंगची असते, बारीक काळसर रेघ दिसते.

भाचीच्या फळीवर आता आमरसाचे दोन डबे आणि अननसाचा एक राहिलाय, छोले फ्रीझरमध्ये गेलेत, नारळाचं दूध ती खोक्यातलं आणते. टोमॅटो तिला काचेत मिळाले पण दुप्पट किमतीला, तेव्हा ते महिन्यातून दोनच बाटल्या आणायचं आणि बाकी वेळेला ताजे वापरायचं असं तिने ठरवलंय.